तीन दिवसांची नोकरी आणि चार मीटर दोरा

वाचकाचं पत्र :

ताई, नमस्कार. मी सोलापुरात अशोक चौकाजवळ राहते. वय ३६. प्राणिशास्त्रात बीएस्सी, नंतर बीएड. एका खाजगी शाळेत चार वर्षं विज्ञान शिकवलं. मुलगी झाली तेव्हा नोकरी सोडली, त्याला आता सात वर्षं झाली. घरी शिकवण्या घेते. मिस्टरांचे पॉवरलूम आहेत, टॉवेल काढतात. परवा एका मैत्रिणीने जाहिरात पाठवली. वन्यजीव संवर्धनाचं काम करणाऱ्या एका संस्थेला नान्नज-मार्डी भागातल्या शाळांसाठी पर्यावरण शिक्षक हवा आहे. अर्धवेळ, आठवड्याचे तीन दिवस, मानधन बारा हजार. बायोडेटा आणि एक पत्र पाठवायचं, निवड झाली तर वीस मिनिटांचं प्रात्यक्षिक द्यायचं. मला फार इच्छा आहे, पण मला पक्षी ओळखता येत नाहीत. चिमणी, कावळा, साळुंकी, भारद्वाज, संपलं. सात वर्षांचा खंड कसा दाखवू? घरात आम्ही तेलुगू बोलतो, त्यामुळे माझ्या मराठीला हेल आहे. सासूबाई म्हणतात, एवढ्याशा पैशांसाठी उन्हातान्हात कशाला फिरायचं? मुदत दहा दिवसांवर आली आहे. अर्ज करू का?

ता. क. गच्चीवर पाण्याचं भांडं ठेवलंय. शिकवणीची मुलं आलेल्या प्रत्येक पक्ष्यासाठी भिंतीवर खडूने एक रेघ मारतात. हे सांगण्यासारखं आहे की नाही, माहीत नाही.

ताईंचं उत्तर :

अर्ज करा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल.

मी सतरा वर्षं शाळांमधून निसर्गशिक्षणाचं काम केलं. नंतर अशाच जागांसाठी मुलाखती घेणाऱ्यांच्या बाजूलाही बसले. त्या खुर्चीत बसून जे वारंवार पाहिलं ते सांगते. उत्तम कॅमेरा, तीनशे पक्ष्यांची यादी, जंगलातल्या सहलींचे फोटो, असं सगळं घेऊन एखादा उमेदवार यायचा. त्याला सातवीच्या वर्गासमोर उभं केलं की पाचव्या मिनिटाला मागच्या बाकावर कुजबुज आणि दहाव्या मिनिटाला गोंधळ. मुलं वाईट नव्हती. तो माणूस पक्ष्यांशी बोलत होता, मुलांशी बोलत नव्हता. पक्षी सहा महिन्यांत शिकवता येतात, ते आम्ही शिकवलेही. चाळीस पोरांना मैदानात मोकळं सोडून, काहीतरी पाहायला लावून पुन्हा गोळा करणं ज्याला येतं, असा माणूस शोधताना मात्र दमछाक व्हायची. तुम्ही चार वर्षं वर्ग सांभाळलात आणि सात वर्षं घरात शिकवण्या घेताय. संस्थेला नेमकं तेच हवं असतं, फक्त जाहिरातीत ते नीट लिहिलेलं नसतं.

ताजा कलमात तुम्ही जे बिचकत लिहिलंय, अर्ज त्याच्यावरच उभा करा. त्याच्याकडे पुढे येते. त्याआधी एक काम.

पत्र लिहायला बसण्याआधी एकदा माळावर जाऊन या. बार्शीकडे जाणारी वैराग मार्गाची एसटी पकडलीत तर नान्नज वीस-बावीस किलोमीटरवर आहे. तिथल्या माळढोक अभयारण्यात आत जायचे नियम आधी वन्यजीव विभागाच्या कार्यालयात विचारून घ्या. आत नाही गेलात तरी चालेल, रस्त्याकडेच्या माळावर उभं राहिलात तरी बरंच दिसतं. सकाळी सातच्या आत पोचा. दिवाळी नुकतीच झालीय, गवत पिवळं पडलंय, हाच काळ चांगला. थंडीत मध्य आशियाकडून भोवत्या पक्षी येतात, गवतावरून अगदी खालून तरंगत जातात आणि रात्री गवतातच जमिनीवर झोपतात. काळविटांचा कळप दिसेल, त्यात काळ्या पाठीचा आणि पिळाच्या शिंगांचा तो नर. नाव माहीत नसलेला पक्षी दिसला तर कसा चालत होता, कशावर बसला, काय खात होता, एवढं वहीत लिहा. नाव नंतर सापडतं.

माळढोक दिसेल अशी आशा ठेवून जाऊ नका. जवळजवळ मीटरभर उंचीचा हा पक्षी, नराचं वजन पंधरा किलोपर्यंत जातं, आणि मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. माळ नांगरला गेला, ऊस आणि द्राक्षं आली, डोक्यावरून विजेच्या तारा गेल्या. या पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही आणि जड शरीरामुळे झटकन वळताही येत नाही, म्हणून तो तारांवर आपटतो. आता जगात दीडशेच्या आसपास उरलेत आणि त्यातले बहुतेक राजस्थानात आहेत. आपल्याकडे त्याच्या हाकेवरून त्याला ‘हूम’ म्हणायचे. ती हाक ऐकलेली माणसं नान्नजच्या पारावर अजून भेटतील. पक्षी नाही दिसला तर अशा एखाद्या आजोबांशी दहा मिनिटं बोला. मुलाखतीत हे सांगितलंत तर समोरचे पेन खाली ठेवून ऐकतील.

आणखी एक गोष्ट समजून घेऊन जा, कारण माळावर काम करणाऱ्या माणसाला ती कळलेली नसेल तर तो नुकसान करतो. शाळेत आपण सगळ्यांनी एकच धडा शिकलो, पर्यावरण म्हणजे झाडं लावा. माळरानावर हा धडा उलटतो. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. या पावसावर इथे गवत वाढतं, हजारो वर्षं वाढत आलंय, आणि काळवीट, खोकड, लांडगा, धाविक आणि चंडोल हे पक्षी, सगळे त्या मोकळ्या गवतावर जगतात. सरकारी दप्तरात मात्र अशा जमिनीला बहुतेक ठिकाणी ‘पडीक’ म्हटलं गेलं. पडीक म्हटलं की तिथे खड्डे खणून गिरिपुष्पासारखी झाडं लावायला हात मोकळे. झाडी झाली की माळाचा पक्षी तिथून उठतो, त्याला लांबवरचं दिसावं लागतं. मुलाखतीत कोणीतरी सहज विचारील, “मुलांना घेऊन माळावर वृक्षारोपण करायचं का?” झाडं गावात, शाळेच्या आवारात, बांधावर लावू, माळावर गवतच राहू दे, असं तुम्ही कारणासकट सांगितलंत तर निम्मी मुलाखत तिथेच होते.

आता मला आलेला एक अनुभव सांगते, तो तुमच्या कामी येईल. बरीच वर्षं झाली. त्या भागातल्या एका शाळेत मी माळढोकावर बोलत होते. चित्रं आणली होती, तयारी भरपूर होती. मध्येच आठवीतला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “म्याडम, त्या पक्ष्यापायी आमच्या आण्णाला रान इकता येईना झालंय.” सगळा वर्ग माझ्याकडे बघत राहिला. मी गडबडले आणि “आपण प्रश्न शेवटी घेऊ” म्हणून पुढचं चित्र दाखवलं. तो वर्ग त्या क्षणी माझ्या हातून गेला, शेवटी कोणी एक प्रश्न विचारला नाही. त्या मुलाचं दुःख खरं होतं. १९७९ साली अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्याचं क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. त्यात लोकांची खाजगी शेतं, गावं, सगळं आलं. जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली आणि घराघरांत त्या पक्ष्याचं नाव रागाने घेतलं जाऊ लागलं. पुढे २०१२च्या सुमाराला ते क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी झालं, पण राग इतक्या लवकर उतरत नाही.

त्यानंतर मी कुठल्याही गावात आधी विचारायला लागले, “घरी या पक्ष्याबद्दल काय बोलतात?” मुलं सांगतात, हातचं काही राखत नाहीत. काळविटं हरभरा खातात, लांडग्याने काकाचं मेंढरू नेलं. ते सगळं फळ्यावर लिहायचं. एकही ओळ पुसायची नाही. मग त्याच फळ्यावर दुसऱ्या बाजूला आपलं सुरू करायचं. तुम्हालाही मुलाखतीत हा प्रश्न येणार, थोड्या वेगळ्या शब्दांत. लगेच कायदा सांगू नका. वन्यजीव संरक्षणाचा कायदा आहे, १९७२चा आहे, कडक आहे, पण तो मुलांच्या बापाला माहीत असतोच. तुम्ही त्या मुलाचं आधी ऐकून कसं घ्याल ते सांगा. मेंढरू गेलं तर वनविभागाकडून भरपाई मिळते, तिचा पंचनामा कसा होतो, हे एकदा वनरक्षकाला विचारून ठेवा. शिकवायला गेलेल्या बाईने ही माहिती दिली की गावात पाय ठेवायला जागा मिळते.

आता अर्ज. बायोडेटा दीड पानाच्या वर नको. खंडाचं एक वाक्य, सरळ: “२०१८ ते आजपर्यंत मुलीचं संगोपन, आणि घरी पाचवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांना विज्ञान.” साल तुमच्या हिशेबाने घाला. त्याची माफी मागू नका, स्पष्टीकरणं जोडू नका. शिकवण्यांना मुलं किती आणि किती वर्षं, हे आकड्यात लिहा. भाषांची ओळ वर आणा. मराठी, तेलुगू, हिंदी, आणि कन्नड येत असेल तर तेही. तुमच्या पूर्व भागात आजही तेलुगू माध्यमाच्या शाळा आहेत, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात कन्नडच्या आहेत. संस्थेचं काम वाढलं की तिला असा माणूस लागणारच. हेलाचं म्हणाल, तर सोलापुरात जन्मलेले, इथेच २०२५ साली गेलेले वनाधिकारी मारुती चितमपल्ली तेलुगूच बोलणाऱ्या घरातले होते, आणि झाडापक्ष्यांच्या मराठी नावांसाठी सगळा महाराष्ट्र त्यांच्याकडे बघत आला. मुलांना हेल ऐकू येतो तो पहिली दोन मिनिटं. पुढे त्यांना तुमची गोष्ट ऐकू येते.

सोबतच्या पत्रात “मला लहानपणापासून निसर्गाची आवड आहे” हे वाक्य लिहू नका. माझ्या हाताखालून गेलेल्या दहा अर्जांतल्या आठांची सुरुवात हीच असायची. तुमची सुरुवात गच्चीवरून करा. भांडं मातीचं की प्लास्टिकचं, कुठल्या महिन्यात ठेवलं, रेघा मारायची कल्पना कोणाची. सगळ्यात जास्त रेघा कधी झाल्या आणि कधी अजिबात नाही. दुपारी दोनला कोणी का येत नाही, असं एखाद्या मुलाने विचारलं का? कावळा भांड्यात पोळी बुडवून गेला तर त्याची एक रेघ की दोन, यावरून भांडण झालं का? भांडण झालं असेल तर ते नक्की लिहा, कारण मोजायचं कसं यावर मुलं भांडली म्हणजे ती विज्ञान करायला लागली. मग दोन ओळी माळावरच्या तुमच्या फेरीच्या. शेवटी एक ओळ, कुठले तीन दिवस येऊ शकता. पत्र एका पानात संपवा. जाहिरात इंग्रजीत असेल तर इंग्रजीत लिहा, पण आधी मराठीत लिहून मगच. मोबाइलवरून तयार करून घेतलेली पत्रं आता ढिगाने येतात, सगळी एकाच साच्यातली, आणि त्यांत गच्ची नसते.

प्रात्यक्षिकाचं मी जरा खोलात जाऊन सांगते, कारण निवड तिथे होते. वीस मिनिटांत माळढोकाची सगळी माहिती द्यायला जाऊ नका. प्रोजेक्टरवर विसंबू नका, कितीतरी शाळांत ऐन वेळी वीज नसते. एकच गोष्ट करा. चार मीटरचा दोरा घ्या, टोकं बांधा, चार काड्या रोवून चौकोन करा. एका बाजूला एक मीटर, म्हणजे एक चौरस मीटर जमीन. मुलांचे चार-पाच जणांचे गट करा आणि सांगा, सात मिनिटं या चौकोनात जे जे दिसेल ते मोजायचं, उपटायचं काही नाही. गवताच्या जाती किती, नावं नकोत, वेगळी दिसली की वेगळी. मुंग्या किती प्रकारच्या, कोणाची लेंडी, कोणाचं पीस, कोणाचं बीळ. ज्या मुलांना ‘इथं काय नाय’ वाटत असतं ती पाचव्या मिनिटाला गुडघ्यावर आलेली असतात. मुलाखत ऑफिसात असेल तर आवारातल्या कुठल्याही तणावर हे होतं. आवारही नसेल तर आदल्या दिवशी माळावरून एक पेंडी आणून टेबलावर पसरा.

मग खिशातून कुसळ काढा. कुसळी गवताचं बी सगळ्यांनी पाहिलंय, पायमोज्यात शिरतं म्हणून शिव्या दिल्यात. त्याची लांब शेपटी वाळताना दोरीसारखी पिळली गेलेली असते. ते तळहातावर ठेवा आणि शेपटीवर पाण्याचा एक थेंब सोडा. शेपटी उलगडायला लागते आणि बी हातावर गोल फिरतं. जमिनीवर पडलेलं कुसळ दवात ओलं होतं, उन्हात वाळतं, पुन्हा ओलं होतं, आणि दर वेळी फिरत फिरत टोक मातीत शिरतं. गवत स्वतःचं बी स्वतः पेरतं. हे तळहातावर पाहिलेलं मूल माळाला पडीक म्हणताना जरा थांबतं. घरी आधी पाच-सहा कुसळांवर करून बघा, सगळी सारखी फिरत नाहीत. चांगली वाळलेली निवडा.

परिसर अभ्यासाच्या पुस्तकातला कुठला पाठ याच्याशी जुळतो ते शेवटच्या मिनिटात सांगा. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शाळांत शिकवलाच पाहिजे असं सांगितलं, त्यामुळे तो पुस्तकात आहे. पण गुरुजींवर अभ्यासक्रम पुरा करायचं ओझं असतं. बाहेरून आलेली बाई आपला एक पाठ पुरा करून देते म्हटलं की तुम्हाला तास मिळतो.

पैशांचं बोलायला लाजू नका. मी लाजले होते. एका संस्थेत मी तीन दिवसांच्या बोलीवर लागले. चौथा दिवस अहवालाचा, पाचवा बैठकीचा, रविवारी निसर्गफेरी, आणि मानधन तेवढंच. दीड वर्ष मी ते चालवून घेतलं, कारण काम चांगलं होतं आणि कागदावर काहीच नव्हतं. तुम्ही कागद मागा. तीन दिवसांत शाळेची तयारी आणि अहवाल धरलेत की ते वेगळे? प्रवासखर्च कोणाचा? स्कूटीने जाऊन-येऊन पंचेचाळीस किलोमीटर, महिन्याला तेरा दिवस, म्हणजे ५८५ किलोमीटर. लिटरला पंचेचाळीस धरलं तरी तेरा लिटर पेट्रोल. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणं त्यात धरलेलंच नाही. हे बारा हजारांतून गेलं तर सासूबाईंचं म्हणणं खरं होईल.

करार किती महिन्यांचा तेही विचारा. अशा जागा बहुतेक वेळा एखाद्या कंपनीच्या सीएसआर निधीवर, म्हणजे कंपनीने सामाजिक कामासाठी काढलेल्या पैशांवर असतात, प्रकल्प संपला की जागा संपते. त्यात लपवण्यासारखं काही नाही, फक्त तुम्हाला आधी माहीत असावं. मानधन पगार म्हणून देणार की व्यावसायिक शुल्क म्हणून? शुल्क असेल तर दहा टक्के कर आधीच कापला जाऊ शकतो. रिटर्न भरलंत की तुमच्या उत्पन्नात तो परत मिळतो, मात्र भरायला विसरायचं नाही. पगार असेल आणि संस्थेत वीस किंवा जास्त माणसं असतील तर पीएफचं विचारा. आणि मुलांना माळावर नेताना बरोबर दुसरं मोठं माणूस कोण असेल, पालकांची लेखी परवानगी कोण घेईल, गटशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र संस्था आणणार की तुम्ही? चाळीस मुलं आणि एकटी बाई असं कोणी सुचवलं तर नाही म्हणा. ज्या संस्थेला हे प्रश्न आवडत नाहीत तिथे मुलंही सुरक्षित नसतात.

सासूबाईंशी वाद घालू नका. उन्हाचं त्या बोलतात ते काळजीने बोलतात, आणि सोलापूरचं ऊन त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मार्चनंतर शाळा सकाळच्या होतात, अकराच्या पुढे तुम्ही माळावर नसाल, हे त्यांना सांगा. मुलगी शाळेतून येईल तेव्हा घरी कोण, ही खरी गाठ असेल तर ती आधी सोडवा आणि तेच तीन दिवस अर्जात लिहा. माळावरच्या फेरीला मुलीला बरोबर घेऊन जा. सात वर्षांच्या मुलीला कुसळ फिरताना दिसलं तर संध्याकाळी आजीला तीच दाखवील.

दोऱ्याचं एक राहिलं. लूमवरचं पांढरं सूत नेऊ नका, वाळल्या गवतात ते हरवतं. घरात रंगीत बॉबिन असेलच, लाल घ्या. चार मीटर मोजा आणि गाठीसाठी वीतभर जास्त ठेवा.